कुर्ला : साष्टीतील एका गावाचा भूगोल आणि लोकसंख्या (१८०८ ते २०११)

प्रस्तावना

मुंबई उपनगराच्या इतिहासलेखनात उपनगर हे नेहमी शहराच्या संदर्भात पाहिले जाते. शहर वाढले, जागा अपुरी पडली, रेल्वे आली आणि लोकवस्ती उत्तरेकडे सरकली, अशी मांडणी सर्वत्र आढळते. ती चुकीची नाही. परंतु तीमुळे उपनगरांना स्वतःचा भूगोल आणि स्वतःची लोकसंख्या होती, ही गोष्ट झाकली जाते. १९०१ च्या जनगणनेच्या आधारे तयार झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये साष्टी तालुक्यात केवळ तीन नगरे नोंदलेली आहेत : वांद्रे, ठाणे आणि कुर्ला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज लक्षावधी लोकांची स्थळे त्या वेळी खेड्यांच्या गणनेत होती. यांपैकी ठाणे हे जिल्ह्याचे मुख्यालय व जुने बंदर, तर वांद्रे हे मुंबईकर धनिकांच्या बंगल्यांचे आणि चर्चचे गाव. कुर्ल्याला यांपैकी काहीच लाभले नव्हते. असे असूनही ते नगर का ठरले, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि जनगणनेचे आकडे यांचा मुख्यतः आधार घेतला आहे.

भूमी आणि पाणी

साष्टी हे नाव 'षट्षष्टी' म्हणजे सहासष्ट गावे यावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. या बेटाच्या मध्यभागी कान्हेरीच्या डोंगरांची रांग आहे व त्या रांगेतून निघणारे ओहोळ चहूबाजूंच्या खाड्यांना मिळतात. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या पश्चिमेकडे वाहतात. मिठी नदी मात्र दक्षिणेकडे येऊन माहीमच्या खाडीला मिळते. कुर्ला हे या मिठी नदीच्या पूर्वेस, बेटाच्या दक्षिण टोकाजवळ वसलेले गाव. उत्तरेस असल्फे-घाटकोपरच्या टेकड्या, पूर्वेस चेंबूर-तुर्भे यांचा भूभाग आणि दक्षिणेस शीवच्या दिशेने पसरलेली खाजणे, अशी त्याची चतुःसीमा सांगता येईल. भरतीचे पाणी जेथवर येई तेथे मिठागरे, त्याच्या वर भातखाचरे आणि त्याहून उंचवट्यावर गावठाण, असा हा तीन पायऱ्यांचा भूगोल होता. गावाचे नाव 'कुर्ली' या खेकड्याच्या नावावरून पडले, असे स्थानिक लोक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकेल किंवा न टिकेल. पण ज्या भूमीत ती सुचली, ती चिखलाची आणि खाडीची होती, एवढे तिच्यावरून निश्चित समजते.

मिठीचे नाव मात्र गोड असले तरी तिचा खालचा भाग भरतीच्या खाऱ्या पाण्याचाच होता. या नदीच्या उगमाशी १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई. विहार आणि तुळशी हे तलाव मुंबई शहराच्या पाण्यासाठी बांधले गेले होते. तलावांकडून शहराकडे जाणारे नळ कुर्ल्याच्या परिसरातून गेले व 'पाइप रोड' हे तेथील रस्त्याचे नाव आजही त्यांची आठवण देते. गावाच्या नदीचे गोडे पाणी उगमाशी अडवून गावातूनच पुढे नेले जात होते. नदीचा प्रवाह यामुळे क्षीण झाला, आणि क्षीण झालेल्या नदीचे पात्र हे कोणाच्याही डोळ्यांवर येणारच.

सात गावांची जहागीर

१५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. १५४८ मध्ये गोव्याच्या गव्हर्नराने कुर्ला आणि इतर सहा गावे अंतोनियो पेसोआ या पोर्तुगिजाला लष्करी सेवेबद्दल बहाल केली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पोर्तुगीज अमलाची खूण म्हणून येथील होली क्रॉस चर्च सांगता येते. त्याची पुनर्बांधणी १८४८ मध्ये झाली. या चर्चभोवतीचा ख्रिस्ती समाज मूळचा येथलाच, मराठी बोलीचा. १८८७ मध्ये याच समाजाने आपली ओळख 'ईस्ट इंडियन' अशी करून देण्यास प्रारंभ केला. कोकण आणि गोवा येथून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, या बेटांचे मूळ रहिवासी आहोत, हे दर्शविणे हा त्यामागील हेतू होता. बाहेरून येणाऱ्यांची संख्या एवढी वाढली होती की मूळच्या लोकांना स्वतःसाठी नवे नाव घ्यावे लागले, ही गोष्ट लोकसंख्येच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

१८०८ मध्ये इंग्रज सरकारने कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर ही सात गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना दिली. मोबदल्यात सरकारला मुंबईच्या कोटात अपोलो धक्क्याच्या दरवाजाजवळील जमिनीचा एक तुकडा मिळाला. १५४८ मध्येही कुर्ला आणि सहा गावे, १८०८ मध्येही कुर्ला आणि सहा गावे. दोन्ही वेळची सहा गावे एकच होती, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पण दोन्ही वेळा कुर्ला हे गावांच्या जुडग्याचे मुख्य गाव मानले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या अदलाबदलीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईच्या कोटातील एका तुकड्याची किंमत साष्टीतील सात गावांएवढी ठरली, आणि तीही रेल्वे येण्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे. येथील कोळी, आगरी व ख्रिस्ती कुळांना या व्यवहाराने एक मालक मिळाला. पुढे शतकभराहून अधिक काळ कुर्ल्याच्या जमिनीचे जे जे झाले, त्यात शेतकऱ्याचा शब्द सरकार आणि इस्टेट यांच्यानंतरच राहिला. साष्टीतील अशा इस्टेटींना जमीन महसुलात असलेली सूट रद्द करणारा कायदा १९५१ मध्ये झाला. तोपर्यंत भातखाचरांची संख्याच उतरणीला लागली होती.

या देण्याच्या तीनच वर्षे आधी, १८०५ मध्ये, शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध पूर्ण झाला होता. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत १७९८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. मुंबई बेट आणि साष्टी यांमधील हा पहिला महत्त्वाचा कोरडा रस्ता. माहीमचा बांध त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८४५ मध्ये झाला. म्हणजे ही चार दशके बैलगाडीने मुंबईत शिरणाऱ्या माणसाला कुर्ल्याखेरीज सोयीचा मार्ग नव्हता. ठाण्याकडून येणारा आग्रा रस्ता (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग) याच वाटेवर होता. कुर्ल्याच्या पश्चिम भागातील 'बैलबाजार' हे नाव या वाहतुकीच्या काळाची आठवण करून देते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली तीही कुर्ल्यावरून. रेल्वेने कुर्ल्याला महत्त्व दिले असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते क्रम उलटा आहे. बांधाने व रस्त्याने ठरविलेल्या वाटेनेच रेल्वे आली.

१८८१ : एका नावाची दोन गावे

१८८१ च्या जनगणनेत कुर्ल्याची लोकसंख्या ९,७१५ भरली. त्याच वर्षी मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती; म्हणजे कुर्ला हे तिच्या सव्वा टक्क्याएवढे. परंतु जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या गॅझेटियरमध्ये या ९,७१५ लोकांबद्दल दिलेली माहिती आकड्यापेक्षा अधिक बोलकी आहे. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक गिरणीकामगार होते; उरलेले मुख्यतः मासेमारी करणारे, शेतकरी आणि मीठ पिकविणारे. येथे त्या वेळी दोन कापड गिरण्या होत्या. त्यांपैकी धरमसी पुंजाभाई गिरणी ही सूतकताई व विणकामाची मुंबई इलाख्यातील सर्वांत मोठी गिरणी म्हणून नोंदलेली आहे : ९२,०९४ चात्या आणि १,२८० माग. दुसरी कुर्ला स्पिनिंग अँड वीव्हिंग गिरणी.

इलाख्यातील सर्वांत मोठी गिरणी परळ-लालबागेत नव्हे तर साष्टीतील एका खेडेगावात होती, हे आज अनेकांस आश्चर्याचे वाटेल. गावातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलांसह, नऊ चात्या पडत होत्या. सोबत, अर्ध्या कोसावर, कोळी खाडीत जाळी टाकीत होते आणि आगरी मिठागरांचे बांध शाकारीत होते. एका नावाखाली सुमारे पाच हजार वस्तीचे जुने गाव आणि जवळजवळ तेवढ्याच वस्तीचे गिरणगाव अशी दोन गावे नांदत होती. जुन्या गावाचे वर्ष पावसाच्या आणि भरतीच्या हिशेबाने चाले : पावसाळ्यात भात, हिवाळा-उन्हाळ्यात मीठ. गिरणगावाचे वर्ष भोंग्याच्या हिशेबाने. जनगणनेचा कारकून दोघांची बेरीज करून मोकळा झाला.

हे गिरणगाव येथे का वसले? शहराबाहेर जमीन स्वस्त होती, ती एकाच मालकाकडून मोठ्या सलग तुकड्यात मिळणे शक्य होते आणि रेल्वे दाराशी होती. सात गावांची इस्टेट आणि इलाख्यातील सर्वांत मोठी गिरणी यांचा संबंध योगायोगाचा वाटत नाही. विखुरलेल्या रयतवारी शेतांतून एवढी सलग जागा जमविणे कोणाही गिरणीमालकाला अधिक कठीण गेले असते. अर्थात हे अनुमान आहे, पण वरील तीनही गोष्टी एकत्र असणारे दुसरे ठिकाण साष्टीत सहज सापडत नाही.

धरमसी गिरणी डबघाईस आली आणि १८८६ मध्ये जमशेटजी टाटा यांनी ती विकत घेतली. तिचे त्यांनी 'स्वदेशी मिल' असे नामकरण केले. वंगभंगाच्या चळवळीने 'स्वदेशी' हा शब्द घरोघरी नेला त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी तो कुर्ल्याच्या एका गिरणीच्या फाटकावर होता. या गिरणीच्या कारभारात टाटांना फार सायास पडले. चुनाभट्टीच्या बाजूला असलेली ही गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली.

१९०१ चा आकडा कसा वाचावा

१९०१ मध्ये कुर्ल्याची लोकसंख्या १४,८३१ झाली. वीस वर्षांत ५,११६ ची, म्हणजे सुमारे ५३ टक्क्यांची वाढ. या वाढीचे श्रेय गिरण्यांना देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. १९०१ ची शिरगणती १ मार्च रोजी झाली. प्लेगचा जोर मुंबईत हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत अधिक असे, आणि ज्यांना शक्य होते ते लोक त्या दिवसांत शहर सोडून जात. पुढे १९०६ मध्ये पालिकेने स्वतंत्रपणे शहराची गणती केली तेव्हा संख्या ९,७७,८२२ भरली. पाच वर्षांत दोन लाखांची ही भर केवळ नैसर्गिक असू शकत नाही. १९०१ चा शहराचा आकडा खाली गेलेला होता, हाच तिचा अर्थ.

शहराचा आकडा ज्या कारणाने खाली गेला त्याच कारणाने साष्टीतील गावांचे आकडे वर गेले असणार. साष्टी तालुक्याची लोकसंख्या १८९१ मध्ये १,२६,५१८ होती, ती १९०१ मध्ये १,४६,९९३ झाली. तेव्हा कुर्ल्याच्या १४,८३१ लोकांत काही गिरणीत नव्याने लागलेले, काही प्लेगमुळे कायमचे आलेले आणि काही केवळ त्या मोसमापुरते आश्रयाला असलेले, असे तीन प्रकारचे लोक होते. त्यांची वाटणी करणे आज शक्य नाही. परंतु १९०१ हे वर्ष आधारवर्ष मानून उपनगरवाढीचा दर काढण्याची जी प्रथा आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून दिसते, ती या कारणास्तव सदोष आहे, एवढे नमूद करणे आवश्यक वाटते.

गाव ते वॉर्ड

यापुढील शासकीय इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड असा हार्बर मार्ग सुरू झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यापर्यंत. १९२० मध्ये दक्षिण साष्टी ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा कुर्ला महापालिकेत आले. १९५७ मध्ये ही हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. त्याचे तीन तालुके अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. जहागिरीचे मुख्य गाव अशा रीतीने तालुक्याचे नाव झाले. घाटकोपर आणि मुलुंड आज महसुलाच्या दृष्टीने कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तेथील रहिवाशांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

मधल्या काळात एक विलक्षण प्रयोग झाला. १९२८ मध्ये तुर्भ्यापासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा साष्टी-तुर्भे रेल्वेमार्ग सुरू झाला. बेटाच्या पूर्व-पश्चिम बाजूंना जोडणारा हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला आणि रूळ उखडले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा विमानतळ झाला. पूर्व-पश्चिम उपनगरांना पुन्हा रेल्वेने जोडण्यासाठी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोची वाट २०१४ पर्यंत पाहावी लागली.

उपनगरांच्या लोकसंख्येचे आकडे पाहिले असता असे दिसते की १९६१ मध्ये बृहन्मुंबईच्या ४१,५२,०५६ लोकांपैकी १३,८०,१२३, म्हणजे एक तृतीयांश, उपनगरात होते. १९७१ मध्ये उपनगरांची संख्या २९,००,१९७ झाली. शहराहून ती अद्याप किंचित कमीच होती. १९८१ मध्ये ती ४९,५८,३६५ होऊन शहराच्या पुढे गेली. २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात ३०,८५,४११ तर उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ लोक होते. शहराची संख्या २००१ नंतर अडीच लाखांनी घटली. कुर्ल्याचा 'एल' वॉर्ड एकट्याने २०११ मध्ये ९,०२,२२५ लोकांचा होता, म्हणजे १८८१ च्या सबंध मुंबईपेक्षा मोठा. या आकड्याला ९,७१५ ने भागून पट काढणे मात्र व्यर्थ आहे. १८८१ चे कुर्ला हे गाव होते, १९०१ चे नगर, आणि २०११ चा वॉर्ड. तिन्हींच्या सीमा भिन्न आहेत. असल्फे आणि मोहिली यांसारखी वाडियांच्या देण्यातील स्वतंत्र गावेही आज कुर्ला-घाटकोपर-साकीनाक्याच्या वस्तीत अशी मिसळली आहेत की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे केवळ भूमापन कार्यालयातील नकाशाच सांगू शकतो.

पात्राचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कमानी, मुकंद इत्यादी कारखान्यांनी कुर्ल्याला दुसऱ्यांदा औद्योगिक गाव बनविले. कामगारांसाठी नेहरूनगरसारख्या वसाहती झाल्या. ज्यांना वसाहत मिळाली नाही त्यांनी मिठीच्या काठचा आधार घेतला. याच काळात नदीच्या वरच्या अंगाला विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिच्या प्रवाहाला काटकोनी वळणे देण्यात आली. खालच्या अंगाला वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजण भरण्यात आले. त्या क्षेत्राच्या नियोजनाचे काम १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले गेले होते. भरतीचे पाणी पसरायला जी जागा शतकानुशतके राखलेली होती, ती नकाशावर 'रिकामी' म्हणून दाखविली जात होती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास त्याच काळात सुमारे ७४ मिलिमीटर. एकाच महानगराच्या दोन टोकांवरील ही तफावत पाहता उपनगराचा भूगोल शहराहून किती निराळा आहे, हे वेगळे सांगावे लागू नये. मिठीच्या काठावरील कुर्ल्याच्या वस्त्या, बैलबाजार, क्रांतीनगर, कलिना या भागांत पाणी चढले ते जुन्या खाजणांच्या आणि भातखाचरांच्या जागी. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने पुढे या आपत्तीचा तपास केला व मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. परंतु १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कुर्ल्याच्या अर्ध्या लोकांचा व्यवसाय मासे, मीठ आणि भात असा नोंदलेला आहे, ही नोंद नियोजनाच्या चर्चेत फारशी आलेली दिसत नाही. व्यवसायाची ती नोंद म्हणजेच जमिनीची नोंद होती. जेथे मीठ पिकत होते तेथे खारे पाणी येत होते, आणि जेथे भात होत होता तेथे पावसाचे पाणी साठत होते.

गावठाणांचा आणि कोळीवाड्यांचा सीमांकनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. ज्यांचे पूर्वज १८८१ च्या त्या दुसऱ्या निम्म्यात मोजले गेले, त्यांचे वंशज आपली घरे झोपडपट्टी म्हणून गणली जाऊ नयेत यासाठी अर्ज करीत आले आहेत. अंगण, खळे, जाळी वाळविण्याची जागा, विहीर या गोष्टींची भूमापनात स्वतंत्र नोंद नसल्यास त्या सरकारी अथवा इस्टेटीच्या मोकळ्या जागा ठरतात. एकोणिसाव्या शतकातील नोंदींमध्ये माणसे मोजली गेली, चात्या आणि माग मोजले गेले. खळी कोणी मोजली नाहीत.

वाडियांना दिलेल्या सात गावांची नावे मात्र महसुली दप्तरातून गेलेली नाहीत. कुर्ला आज भूमापनात अनेक क्रमांकांत विभागलेले आहे. सहार हे नाव विमानतळाबरोबर जगभर गेले, असल्फे मेट्रोच्या स्थानकावर आहे, आणि मुंबई विद्यापीठाचे कलिना येथील विद्यानगरी संकुल कोलेकल्याणच्या जमिनीवर उभे आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारतींत कोट्यवधी रुपयांना एखादे कार्यालय विकले जाते, तेव्हाही दुय्यम निबंधकाकडील दस्तात मिळकतीचे वर्णन 'मौजे कोलेकल्याण, तालुका अंधेरी' असेच लिहिले जाते.